होंडा एटीसी ११० चं ऑइल बदलताना: दीड महिन्याच्या नोंदी

१४ जून २०२५

गाडी आज नाशिकला घरी आली. इगतपुरीकडच्या एका बंद पडलेल्या फार्महाऊसच्या शेडमध्ये दहा-बारा वर्षं तशीच उभी होती. छोट्या हत्तीचं (लहान टेम्पोचं) भाडं १,८०० रुपये. पाथर्डी फाट्यापर्यंत रिमझिम होती, पुढे घरापर्यंत मुसळधार.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी चार ओळी. पुढे एक आणि मागे दोन फुगीर चाकं. १०५ सीसीचं, आडव्या सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन. गिअर चार, पण हाताचा क्लच नाही. किक नाही, दोरी ओढून सुरू करायची. शॉकअब्सॉर्बर एकही नाही, सगळे धक्के टायरच खातात. होंडानं १९७० मध्ये ९० सीसीच्या तीनचाकीपासून ही जात सुरू केली, ११० आली १९७९ मध्ये. अमेरिकेत अपघात फार झाले म्हणून १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. त्यामुळे आता जे आहे ते जुनंच, आणि जपून वापरायचं.

हिला कागद नाहीत, म्हणून ही रस्त्यावर जाणार नाही. मखमलाबादला दादाची द्राक्षबाग आहे. पावसाळ्यात बागेत ट्रॅक्टर घातला की काळी माती चाकाला धरते, ओळीत चर पडतात आणि ते दिवाळीपर्यंत बुजत नाहीत. फुगीर टायरची हलकी गाडी त्या मातीवरून वरच्या वर जाते. दादाला तेवढीच हवी आहे: एक माणूस, सोबत एखादा कॅन, आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला पोचणं.

आज फक्त धुऊन पुसून शेडखाली घेतली. दोरी ओढली नाही. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात आत काय आहे ते कळल्याशिवाय ते फिरवायचं नाही, एवढं आधीच ठरवलं होतं.

१५ जून

ऑइल काढायला बसलो. अर्ध्या तासाचं काम, असा हिशोब होता.

डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची काठी) काढली. टोकाला काळं, जाड ऑइल, वास जळका. पाणी मिसळलं असतं तर ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं असतं, तसं नव्हतं. बरं वाटलं. इंजिनाखालच्या ड्रेन बोल्टला १७ चा पाना लागतो. मी गोटी पाना लावला आणि जोर दिला. बोल्ट आधी हललाच नाही. मग एकदम सुटला, पण सुटताना जसा मोकळा फिरायला हवा तसा फिरेना, शेवटपर्यंत करकरत आला. हातात आल्यावर पाहिलं तर बोल्टाच्या आट्यांत ॲल्युमिनियमची स्प्रिंगसारखी तार गुंडाळलेली. केसिंगचे (इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कवचाचे) आटेच बोल्टाबरोबर बाहेर आले होते.

आधी कोणीतरी हा बोल्ट लांब पान्यानं, बहुतेक वायसर न बदलता, गळती थांबेपर्यंत आवळला असणार. केसिंग ॲल्युमिनियमची आणि बोल्ट लोखंडी. त्यात ॲल्युमिनियमच हरणार. बोल्टाखालचा वायसर मऊ असतो तो दबून बसण्यासाठीच. दर वेळी तो नवीन टाकला तर आवळायला जोर लागतच नाही.

निघालेलं ऑइल मोजलं: साधारण ५५० मिली. या इंजिनात ९०० मिलीच्या आसपास असायला हवं. म्हणजे बंद पडली त्या काळात ही गाडी अर्ध्यावर ऑइल घेऊन चालत होती.

जुनं ऑइल पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून ठेवलं. ते गटारीत ओतलं तर नाल्यातून थेट गोदावरीत जातं. गोळा करणारा कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये महिन्यातून एकदा येतो, त्याच्याकडे देणार.

१८ जून

आट्यांसाठी दोन मार्ग होते. एक, भोक मोठं करून १४ मिमीचे नवे आटे पाडायचे आणि जाड बोल्ट लावायचा. दोन, हेलीकॉइल बसवायचं, म्हणजे मोठ्या केलेल्या भोकात स्टीलच्या तारेचे आटे घालायचे आणि मूळ १२ मिमीचाच बोल्ट ठेवायचा.

अंबडला एक चाचा आहेत, चाळीस वर्षं लेथवर काढलेली. फोटो दाखवल्यावर म्हणाले, "भाऊ, फोटोवर काम होत नाही. गाडी आणा, नाहीतर मला न्या." गाडी पुन्हा न्यायची म्हणजे पुन्हा भाडं. शनिवारी संध्याकाळी तेच यायला तयार झाले.

२१ जून

चाचा आले. मोठ्या बोल्टाला त्यांनी सरळ नकार दिला. भोकाभोवतीची भिंत बोटानं चाचपून दाखवली. एका बाजूला जेमतेम जाडी होती. तिथे आणखी कोरलं तर केसिंगला तडा जाईल, आणि हे केसिंग आपल्याकडे मिळणार नाही.



या गाडीची एक सोय म्हणजे ती मागच्या बाजूवर उभी करता येते, घोडा मागच्या पायांवर उभा राहावा तशी. खालचं सगळं डोळ्यांसमोर येतं. पण मी टाकीतलं पेट्रोल आधी काढलं नाही. उभी केल्यावर झाकणाच्या हवेच्या भोकातून जुनं, कुजकट वासाचं पेट्रोल माझ्या शर्टावर आणि फरशीवर आलं. चाचांनी विडी लगेच लांब नेऊन विझवली आणि अर्धा तास कोणी काम केलं नाही. तुम्ही गाडी उभी कराल तर आधी टाकी रिकामी करा आणि फरशी कोरडी होईपर्यंत थांबा. यात मोठं काही होऊ शकलं असतं.

ड्रिल आणि टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस चोपडलं, म्हणजे धातूचा भुसा ग्रीसला चिकटतो. दर दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसला. हेलीकॉइल बसायला वीस मिनिटं लागली, त्याआधीच्या तयारीला दीड तास. चाचांनी ४५० रुपये घेतले आणि चहा दोनदा.

भुसा आत राहिला असेल या भीतीनं मी वरून, ऑइल भरायच्या भोकातून, पाऊण लिटर डिझेल ओतलं आणि ते खालून निघू दिलं. मग अजून अर्धा लिटर. दुसऱ्या खेपेला जे आलं ते काळंभोर होतं. वाटलं, छान, आतला मळ निघतोय.

हीच या कामातली माझी सगळ्यात मोठी चूक. का, ते ६ जुलैच्या नोंदीत.

२२ जून

कार्बोरेटर. फ्लोट बाउलमध्ये (पेट्रोल साठतं त्या वाटीत) पेट्रोल सुकून मधासारखा पिवळा थर झालेला. फ्लोटची सुई जागेवर चिकटलेली, ती कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर ठेवल्यावर सुटली. जेटमधून (पेट्रोल जायच्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून) तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. मी झाडूची एक काडी भिजवून घातली, मग पंपाची हवा मारली.

पेट्रोलची जुनी नळी बोटात मोडली. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. हे रबर त्यासाठी बनलेलंच नाही. नवी नळी इथेनॉल चालेल अशी मागून घ्या, नाहीतर ती फुगते आणि आतून सोलते. नळी ८० रुपये, लहान फिल्टर ६०, बाउलची ओ-रिंग गंजमाळला मापानं जुळवून १५.

२९ जून

ऑइल भरलं. डिपस्टिकवर ऑइल बघताना काठी फक्त टेकवायची, चुडी फिरवून आत बसवायची नाही. फिरवून पाहिलं तर पातळी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते आणि माणूस कमी ऑइल भरतो. या गाडीत ऑइल इतकं कमी निघालं त्याचं कारण हेही असू शकेल.

दोरी आठ वेळा ओढली. नवव्यांदा खोकली, बाराव्यांदा सुरू झाली. चोक हळूहळू सोडला तशी ती एका लयीत धरली. घरातली सगळी बाहेर आली. आईनं खिडकीतून विचारलं, "एवढीच का मोठ्यानं वाजते?" सायलेन्सरला भोक आहे, ते नंतर बघू म्हटलं.

वीस मिनिटं चालवली, त्यातली दहा मागच्या मोकळ्या प्लॉटवर. सपाटीवर ठीक. प्लॉटच्या चढावर इंजिन जोरात फिरतंय पण गाडी पुढे जात नाही. क्लच प्लेटा संपल्या असं वाटून मन खट्टू झालं.

बंद करून डिपस्टिक पाहिली. सोनेरी ऑइल वीस मिनिटांत काळं झालं होतं.

५ जुलै

आठवडाभर काळ्या ऑइलचा विचार डोक्यात. आज टॅपेट (व्हॉल्व्हची फट जुळवायचे स्क्रू) बघायला घेतले. टॅपेटचं झाकण उघडल्याबरोबर अर्थ कळला. आतलं सगळं कोरडं. रॉकर आर्मवर जुन्या ऑइलचा तपकिरी डाग होता, पण ताज्या ऑइलचा एक थेंब नव्हता. वीस मिनिटं चाललेल्या इंजिनात तिथून ऑइल ओघळायला हवं. म्हणजे हेडपर्यंत, जिथे व्हॉल्व्ह असतात तिथपर्यंत, ऑइल गेलंच नव्हतं. कॅमशाफ्ट वीस मिनिटं जवळजवळ कोरडी फिरली.

रॉकरची तोंडं नखानं चाचपली. बारीक रेघा आहेत, खड्डा नाही. आणखी अर्धा तास चालवली असती तर ही गाडी इथेच संपली असती.

यापुढे कुठलंही जुनं इंजिन सुरू केलं की पहिल्या एका मिनिटानंतर बंद करून टॅपेटचं झाकण उघडून बघायचं. ऑइल दिसलं तरच पुढे. पाच मिनिटांचं काम आहे.

६ जुलै, आषाढी एकादशी

घरी सगळ्यांचा उपास, गडबड कमी. सकाळी सातला उजव्या बाजूचं मोठं झाकण उघडायला बसलो ते दुपारी दोनला उठलो.

या इंजिनात बाजारात मिळतो तसा कागदी ऑइल फिल्टर नसतो. दोन गोष्टी असतात आणि दोन्ही उजव्या झाकणाच्या आत. एक, तळाशी खाचेत सरकवलेली तारेची जाळी. ऑइल पंप तिच्यातूनच ऑइल ओढतो. दुसरी, क्लचच्या तोंडावर फिरणारी वाटी. ऑइल तिच्यातून जाताना जड कचरा फिरण्याच्या जोरानं कडेला फेकला जातो आणि तिथेच थापून बसतो. नुसता ड्रेन बोल्ट उघडून ऑइल बदललं तर या दोन्ही ठिकाणांना हातही लागत नाही. आधीच्या मालकांनी, आणि १५ जूनला मीही, तेवढंच केलं होतं.

स्क्रू सोडवणं हेच अर्धं काम. जपानी गाडीच्या फुलीच्या (+) स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकापेक्षा वेगळी असते. आपलं टोक पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उसळतं आणि खाच खाऊन टाकतं. पहिले दोन स्क्रू मी तसेच खराब केले. मग हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर शेजारच्या काकांकडून आणला, त्याचं टोक पॉलिश पेपरवर घासून जरासं बोथट केलं, आणि बाकीचे सगळे एकेका ठोक्यात सुटले. खराब झालेल्या दोनांना छिन्नीनं कडेला ठोकून फिरवावं लागलं. स्क्रूंची लांबी वेगवेगळी आहे. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. लांब स्क्रू चुकून आखूड भोकात गेला तर केसिंग फुटतं.

झाकण ओढताना मधली एक छोटी स्प्रिंग टपकन फरशीवर पडली. ती सापडायला पंचवीस मिनिटं गेली. खाली जुनी चादर अंथरा.

आणि मग जाळी. खणातून पाटी ओढावी तशी ती बाहेर येते. तिच्यात भोक म्हणून उरलंच नव्हतं. काळा, चिकट थर, आणि त्यात अडकलेले निळसर रबरी धागे. कोणीतरी कधीतरी झाकणाला पॅकिंग न लावता सिलिकॉन चोपडलं होतं. आतल्या बाजूला जे ओघळलं ते सुकून तुटलं आणि इथे येऊन बसलं.

आता डिझेलची गोष्ट. तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ तोवर निदान जागेवर होता. मी सव्वा लिटर डिझेल ओतून तो सगळा सोडवला. थोडा ड्रेनमधून बाहेर पडला. जो सुटून अर्धवट राहिला, तो नव्या ऑइलबरोबर पंपानं ओढला आणि जाळीवर गच्च बसला. जाळी आधीपासून अर्धी बंद असेल, ती मी पूर्ण बंद केली. डिझेलनं इंजिन धुण्याची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे, आणि ज्याची जाळी साफ आहे त्याचं काही बिघडत नसेलही. पण बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात आधी झाकण उघडा, जाळी काढा, आणि मगच काय धुवायचं ते धुवा. मी क्रम उलटा केला.

फिरत्या वाटीचं झाकण काढलं. आत बुटाच्या पॉलिशसारखा थर, बोटभर जाड. आईस्क्रीमच्या लाकडी चमच्यानं खरवडला. लोखंडी वस्तू वापरली नाही. चुंबक फिरवलं तर थोडी बारीक लोखंडी पूड चिकटली, मोठा तुकडा एकही नाही. गिअरचे दात शाबूत दिसले. त्या वाटीनंच इतकी वर्षं हा मळ बेअरिंगपासून लांब ठेवला होता.

क्लचच्या प्लेटा काढून पाहिल्या. जाडी चांगली आहे, जळक्या नाहीत. मग चढावर घसरत का होत्या?

उत्तर ऑइलच्या रिकाम्या बाटलीवर सापडलं. दुकानदारानं दिलेलं ऑइल स्कूटरचं होतं, मागे बारीक अक्षरांत जॅसो एमबी (जॅसो म्हणजे ऑइलचं जपानी मानक). स्कूटरचा क्लच इंजिनच्या ऑइलमध्ये बुडलेला नसतो, म्हणून त्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ चालतात. या गाडीच्या प्लेटा ऑइलमध्येच असतात, त्यांना जॅसो एमए हवं. दुकानात मी फक्त "१०डब्ल्यू-४० द्या" एवढंच, म्हणजे नुसता ऑइलच्या जाडीचा आकडा, म्हणालो होतो. बाटली फिरवून वाचायला हवी होती.

संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी शेडमध्येच खाल्ली.

१२ जुलै

पॅकिंग. मूळ पॅकिंग मागवायचं तर परदेशातून, आणि पार्सलचा खर्च पॅकिंगच्या कितीतरी पट. म्हणून कागद आणून घरी कापलं. पॅकिंगचा कागद दोन जाडीत मिळाला, अर्धा आणि एक मिमी, मिळून ९० रुपये.

कागद झाकणावर ठेवून कडेनं छोट्या हातोडीनं हलकं ठोकलं की कड उमटते, ती कात्रीनं कापायची. स्क्रूची भोकं पाडायला जुन्या छत्रीची नळी धार लावून वापरली. पहिलं पॅकिंग एक मिमीचं कापलं. ते लावून झाकण बसवल्यावर क्लचचा मधला स्क्रू ॲडजस्ट होईना, झाकण लांब गेलं होतं. दुसरं अर्ध्या मिमीचं कापलं. तेही एकदा फाटलं. तिसरं बसलं. सहा तास गेले.

झाकण आणि केसिंगवरचं जुनं सिलिकॉन काढायला ब्लेड वापरू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच गळतं. प्लास्टिकचा जुना एटीएम कार्डाचा तुकडा आणि थिनर, एवढ्यात निघतं, वेळ लागतो.

नवं सिलिकॉन लावलं नाही. कागदाला दोन्ही बाजूंनी ग्रीसचा हात दिला. पुढच्या वेळी झाकण उघडेल तेव्हा पॅकिंग फाटणार नाही, आणि जाळीत जाऊन अडकेल असं काही आत राहणार नाही.

१३ जुलै

टॅपेट. दोन्ही व्हॉल्व्हना फट ०.०५ मिमी, इंजिन पूर्ण थंड असताना. दोरीचं झाकण काढून फ्लायव्हीलवरची टी ची खूण जुळवायची, आणि दोन्ही रॉकर हातानं थोडे सैल हलतात का ते बघायचं. एक घट्ट असेल तर अजून एक पूर्ण फेरी फिरवायची. एग्झॉस्टचा टॅपेट इतका घट्ट होता की फट मोजायची ०.०५ ची पत्ती शिरेना. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पत्ती परत घालून बघायची. मला चार वेळा करावं लागलं. पत्ती लोण्यातून सुरी जाईल अशी जायला नको, थोडी ओढ लागली पाहिजे.

नवा वायसर, नवं ऑइल: १०डब्ल्यू-४०, जॅसो एमए, ४३० रुपयांचं. ड्रेन बोल्ट हातानं टेकवला आणि पान्यानं वायसर दबल्याचं जाणवेपर्यंतच. चाचा फोनवर म्हणाले होते, "पाना लहान घ्या, म्हणजे जोर आपोआप कमी लागेल." लहान रिंग पाना घेतला.

प्लग काढून वीस वेळा दोरी ओढली, म्हणजे इंजिन पेटायच्या आधी ऑइल वर चढावं. मग प्लग लावून सुरू केली. एक मिनिट. बंद. टॅपेटचं झाकण उघडलं.

ऑइल होतं. रॉकरवर, स्प्रिंगवर, सगळीकडे, सोनेरी. दादाला लगेच फोन लावला.

१९ जुलै

एकूण तासभर चालवल्यावर ऑइल पुन्हा काढलं, इतक्या लवकर, मुद्दाम. थोडं मळकट, काळं नाही. पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरलं, चमक दिसली नाही. ते ऑइल आता चेनला वापरायच्या डब्यात आहे. नवीन भरलं. जुन्या इंजिनाचं पहिलं ऑइल हे धुण्यासाठीचंच समजा आणि खर्चात दोन बाटल्या धरा.

चढावर आता गाडी घसरत नाही. प्लेटा धुतल्या आणि ऑइलही बदललं, दोन्ही एकदम केलं. माझा कौल ऑइलकडे.

चेन रॉकेलमध्ये धुतली, मागच्या ब्रेकचा ड्रम उघडून झाडला, शूजची वर आलेली चमक पॉलिश पेपरनं घालवली. या कामांत सांगण्यासारखं काही बिघडलं नाही.

२० जुलै

टायरची हवा. यात सगळा रविवार गेला, पण ऑइलइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

या टायरांना हवा लागते दर चौरस सेंटीमीटरला ०.१५ किलो, म्हणजे २.२ पीएसआय. मोटारसायकलच्या चाकात असते त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नाही. टायर हेच सस्पेन्शन असल्यामुळे त्याला असं मऊ ठेवावं लागतं. पंपावरचं गेज या आकड्यापर्यंत उतरतच नाही. मागे पंपावरच्या मुलानं सवयीनं भरली ती वीसच्या वर गेली आणि टायर फुटबॉलसारखा टणक झाला. मी आधी सांगायला हवं होतं. असा टायर फुटला तर जवळच्या माणसाला इजा होते. म्हणून आता पायपंपच, आणि तोही मोजून.

मोजायचं कशानं? एक किलो दाब म्हणजे दहा मीटर पाण्याचा स्तंभ. मग ०.१५ किलो म्हणजे दीड मीटर. हार्डवेअरच्या दुकानातून पाच मीटर पारदर्शक नळी आणली, १२० रुपये. भिंतीवर यू आकारात खिळ्यांना बांधली, दोन्ही हात दोन-दोन मीटर उंच. अर्ध्यापर्यंत पाणी भरलं, दिसावं म्हणून चिमूटभर कुंकू टाकलं. नळीच्या एका टोकाला जुन्या पायपंपाची व्हॉल्व्ह दाबणारी चावी क्लिपनं जोडली. चावी टायरला लावली की एका हातातलं पाणी खाली आणि दुसऱ्यातलं वर जातं. दोन पातळ्यांमधलं अंतर दीड मीटर झालं की हवा बरोबर.

पहिल्या खेपेला टायरमध्ये हवा जास्त होती. सगळं लाल पाणी वरच्या टोकातून छताला लागलं. आधी हातानं दाबून टायर मऊ वाटेपर्यंत हवा सोडा, मग नळी जोडा.

मागच्या दोन्ही टायरना सारखी हवा असणं जास्त गरजेचं. मागचा ॲक्सल अखंड आहे, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. एक टायर जरा जास्त फुगला की त्याचा घेर वाढतो आणि गाडी सारखी एका बाजूला ओढते. शिंप्याच्या टेपनं घेर मोजला. उजवा डाव्यापेक्षा २२ मिमी मोठा निघाला. उजव्याची हवा किंचित सोडून ४ मिमीवर आणला.

उजव्या टायरमध्ये बाभळीचा काटा होता, आरपार. पंक्चरवाल्यानं ट्यूबलेसची वात लावली, १०० रुपये.

२७ जुलै

बागेत नेली. टेम्पोचं भाडं १,२००. रात्रभर पाऊस झालेला, ओळींत घोट्यापर्यंत चिखल.

पहिल्या ओळीत दुसऱ्या गिअरवर सरळ गेली. मागे वळून पाहिलं तर टायरची नक्षी उमटली होती, चर नव्हता. दादा वाकून बोटानं खोली बघत होता.

वळताना मात्र सावकाश. डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) नसल्यामुळे ही गाडी हँडल फिरवलं तरी सरळच जाऊ पाहते. वजन वळणाच्या आत झुकवून बाहेरच्या पायावर भार द्यावा लागतो, तेव्हा आतलं चाक हलकं होऊन सरकतं. पाय जमिनीवर टेकवायचा नाही. मागचं चाक पायावरून जातं, आणि अपघातांत हे नेहमीचं आहे. पुतण्या बारा वर्षांचा आहे, त्याला "काका, मी एक चक्कर" असं तीनदा वाटलं. तिन्ही वेळा नाही म्हणालो, आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. मागे कोणाला बसवायचंही नाही, सीट लांब दिसली तरी ती एकाचीच आहे.

दोन तास चालली. उतरल्यावर ड्रेन बोल्टाखाली बोट फिरवलं, कोरडं. उजव्या झाकणाच्या खालच्या कडेला मात्र ओलसर आहे, मी कापलेल्या पॅकिंगच्या जोडाशी. थेंब पडत नाही, म्हणून सध्या तसंच ठेवतोय. ऑक्टोबरची छाटणी झाली की जाळी पुन्हा काढून बघणार आहे, तेव्हा चौथं पॅकिंग कापीन.

आतापर्यंतचा खर्च, दोन भाडी धरून, ५,१०० च्या आसपास. त्यात तीन बाटल्या ऑइल, एक वाया गेलेली. सात शनिवार-रविवार गेले. सायलेन्सरचं भोक अजून बाकी आहे. चाचांनी पुढच्या रविवारी वेल्डिंगची मशीन घेऊन येतो म्हटलंय, आणि या खेपेला पेट्रोल आदल्या रात्रीच काढून ठेवायला सांगितलंय.